फिनेलनं धुतलेले पिंजरे

आमचे सर पांढऱ्या उंदरांवर संशोधन करत. म्हणजे करत होतो आम्ही, सही सरांची. मिरजेतल्या एका प्रयोगशाळेत मी पीएच.डी.साठी तीन वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. विषय एवढाच, की नर मादीकडे वळतो तो कशामुळे. माजावर आलेल्या मादीचा वास नाकातून मेंदूत जातो, तिथला राईच्या दाण्याएवढा एक भाग जागा होतो, रक्तात पुरुषी हार्मोन असलं की नर उठून तिच्यामागं लागतो. तो भाग बिघडवला, तर तोच नर तिच्याशेजारी बसून मिशा साफ करतो. हे सांगताना सर अशी छाती काढायचे, जणू तो भाग त्यांनीच बनवून उंदरांना वाटला होता. खोलीत कुणी नवी बाई आली की खिशातून कंगवा निघायचा. हार्मोनचा प्रताप मला पुस्तकापेक्षा सरांकडे बघूनच जास्त कळला.

पिंजऱ्यांची झाडलोट करायला एक मामा होते. आटपाडीकडचे, रोजंदारीवर. अर्धा जन्म मेंढरांमागं हिंडण्यात गेलेला. सर त्यांना माणसांत धरत नसत.

एकदा तपासणीला बाहेरची कमिटी येणार होती. धडधाकट नर आणि बिघडवलेला नर यांतला फरक सर तिला दाखवणार होते, आणि मला आणखी वर्षभर मुदत मिळणार की नाही ते त्यावर ठरणार होतं. आदल्या दिवशी मी मामांना सांगितलं, "पिंजरे, फरशी, सगळं फिनेलनं धुवा." रहिमतपूरला मला बघायला पाहुणे यायचे असले, की आई उंबऱ्यापासून परसापर्यंत फिनेल मारायची. माझं शिकलेलं डोकं त्यापलीकडं गेलंच नाही.

"आवं म्याडम, फिनेल नगं," मामा म्हणाले. "मेंढीच्या अंगाला दुसरा वास लागला, तर मेंढा बी तिला वळखत न्हाई. नुसतं पाणी मारतो की."

"मामा, हा तुमचा कळप नाही," मी म्हटलं. त्यांनी गुमान बादली उचलली.

दुसऱ्या दिवशी कमिटीसमोर दोन्ही नर कोपऱ्यात बसून मिशा साफ करत राहिले. कमिटीतले एक गृहस्थ खुदकन हसले. सरांचे कान लाल झाले.

कमिटी गेल्यावर सरांनी विचारलं, "फिनेल कुणी मारलं?"

"मामांनी," मी म्हणाले.

मामा दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. "व्हय, मीच धुतलं," एवढंच म्हणाले आणि पिंजऱ्यांच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. उद्यापासून यायचं नाही, असं सरांनी त्यांना तिथंच सांगितलं. चूक शिपायाची होती, असं पत्र कमिटीला गेलं. मला मुदत मिळाली.

तिसऱ्या दिवशी फिनेलचा वास उडाला आणि नर पुन्हा माद्यांमागं पळायला लागले. सरांची मला आजही किळस येते. पण सर निदान लपवत तरी नव्हते ते कसे आहेत. मी मात्र मान खाली घालून निष्कर्ष लिहीत बसले होते.

प्रबंधाच्या आभारात पहिलं नाव सरांचं आहे. शेवटी, मनाला बरं वाटावं म्हणून, मामांचंही घालायला गेले. दोन वर्षं त्यांच्या हातचा चहा प्यायले होते, पण त्यांचं नाव मला ठाऊक नव्हतं.