जाऊबाईंचं शेणखत

त्या दुष्काळात साऱ्या गावाच्या जनावरांच्या बरगड्या दिसत होत्या, आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंची म्हैस मात्र तुकतुकीत. दूध सोसायटीत त्यांच्या दुधाला फॅट चांगली लागली की सचिव मुद्दाम मोठ्यानं सांगायचा आणि माझ्या पोटात दुखायचं.

पाळत ठेवून मी त्यांचं गुपित शोधलं. तळ्याकाठच्या वेड्या बाभळीच्या पिवळ्या, गोड शेंगा! मीही गाईपुढे टाकल्या, पण तिनं हुंगून तोंड फिरवलं. माझं जनावरही माझ्यावरच गेलेलं.

आमच्या बायकांच्या सहकारी संस्थेला मोरांच्या अभयारण्यात कडुनिंब लावायचं काम मिळालं. प्रत्येकीला खड्ड्यांची एक ओळ, खत जिच्या तिच्या घरचं. तिथं चराई बंद होती, पण उतारावरचं पवन्या गवत विळ्यानं कापून न्यायला मुभा होती. माझी गाय त्या गवतावरच तगून होती.

जाऊबाईंनी खत कुजायचीही वाट पाहिली नाही. खड्ड्यांत सरळ शेणच ओतलं. "म्हशीचं हाय, लई जोर हाय ह्यात!" बायका माना डोलावत होत्या. माझ्या खताच्या पाटीकडे कुणी बघितलंही नाही.

पाऊस झाला आणि त्यांच्या खड्ड्याखड्ड्यांत बारीक पानांची रोपं वर आली. मी बघताक्षणी ओळखली. शेंगांचं बी म्हशीच्या पोटातून जसंच्या तसं खड्ड्यात पडलं होतं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तडक संस्थेच्या बैठकीत जाऊन ओरडले, "जाऊबाईंनी वेडी बाभूळ पेरली! आत्ताच उपटा, न्हाईतर सारा उतार जाईल!"

बायका खो खो हसल्या. एक म्हणाली, "कशाला जळतीस गं तिच्यावर?"

एकटीच उपटायला गेले, तर लावलेली झाडं उपटते म्हणून रखवालदारानं मलाच हाकललं.

काही वर्षांत उतारावर काटेच काटे झाले. त्यांच्या सावलीत पवन्या मेला, मोरही पल्याडच्या टेकडीवर गेले. पुढचा दुष्काळ आला तेव्हा कापायला गवत नव्हतं. गाय विकावी लागली.

गाय नेली त्या दिवशी जाऊबाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"तू बोलली हुतीस," त्या म्हणाल्या. "पण तू तर माझ्या कढीलाबी नावं ठेवायचीस. तुझं कोणतं खरं धरावं माणसानं?"

खरं सांगायचं तर त्यांची कढी फार चांगली व्हायची.