हनीफभाईनं बांधलेली चिंधी

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही. तिच्यापासून लपवलेल्या बाकीच्या गोष्टी तिनं एकेक करून शोधून काढल्या — बिडी, मोर्शीच्या ढाब्यावरचं मटण, सगळं — पण ही काही तिला सापडली नाही. सापडणार कशी? त्या गोष्टीकडे बघायचं मी स्वतःच टाळत आलोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलायचं धाडस होतंय. मध्येच अडखळलो तर जरा थांबा.

मी देवराव, अकोल्याचा. तीस वर्षं ट्रक चालवला. माझ्या गाडीचा मला भारी तोरा. काच लखलखीत, केबिनमध्ये उदबत्ती, सीटवर धुतलेली चादर. ‘देवरावची गाडी म्हंजे नवी नवरी’ असं ढाब्यावरचे लोक चिडवायचे. मी वरवर शिव्या द्यायचो आणि आतून फुगायचो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं या फुगण्यातून — नाही, राहू द्या. कारणं द्यायला लागलो की ती सबबच होते. जे झालं तेवढंच सांगतो.

आठ-नऊ वर्षं झाली असतील. वरुडची ती दुपार अजून डोळ्यांसमोर तरंगत असते. मृग बहाराची संत्री निघालेली, होळी आठवड्यावर आलेली. व्यापाऱ्याच्या आवारात संत्र्यांचे ढीग, ढिगांभोवती बसून फळ निवडणाऱ्या बाया, आणि हवेत तो वास — गोड, आंबूस, जरासा कुजकट. त्या वासात माणूस जागेपणीच पेंगतो. शेजारी कुणी बोललं तरी आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. खरंच तसं होतं, की मलाच आता तसं आठवतं? कोण जाणे.

त्या आवारात एक रीत होती. सावलीला एकच कडुलिंब, आणि त्याच्याखाली व्यापाऱ्याची बाज. म्हणून दुपारी जेवणाच्या वेळी ट्रकवाल्यानं गाडी थोडी मागंपुढं करायची आणि तिची सावली बायांवर पाडायची. कुणी हे ठरवलेलं नव्हतं. पण जो ड्रायव्हर गाडी हलवायचा नाही त्याला बाया नावं ठेवायच्या, आणि जो हलवायचा त्याला ठेचा-भाकर मिळायची. मी नेहमी हलवायचो. माझ्या चांगुलपणाची ही एवढी एक पावती मी पुष्कळ वर्षं जपली.

त्या बायांत कौसाबाई होती. साठीला टेकलेली, तोंडानं फटकळ, हातानं इतकी चपळ की संत्रं उचलायच्या आतच ते कोणत्या ढिगात जाणार हे तिला कळायचं. त्या दिवशी तीच ओरडली, “ओ डायवर भाऊ, तुया गाडीची सावली का भाड्यानं हाय? आन ना जराशी इकडं!”

पण तिथं पोचण्याआधी मला आदल्या दिवसात जावं लागेल. हनीफभाईकडे. तिकडेच जायचं मी टाळतोय, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल.

आदल्या दिवशी पातूरच्या घाटात माझ्या गाडीची मागची चाकं जाम झाली. आमच्या गाड्यांचं उलटं असतं — हवा आहे तोवर चाक मोकळं, हवा गेली की मागच्या डब्यातली जाडजूड स्प्रिंग सुटते आणि चाक धरून ठेवते. हँडब्रेक ओढला की ‘फुस्स’ असा आवाज येतो; ती सुटणारी हवा. त्या दिवशी डब्यातलं रबर फाटलं, हवा आपोआप निघून गेली आणि गाडी घाटात खिळून बसली.

मी हनीफभाईला फोन केला. अकोल्याच्या बाहेर पातूर रोडला त्याचं छोटं गॅरेज होतं. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, कमी बोलणारा, पाचही वेळा हात स्वच्छ धुऊन नमाजाला बसणारा माणूस. स्कूटरवर पिशवी टाकून आला. गाडीखाली शिरून त्यानं दोन्ही डब्यांतल्या स्प्रिंगा लांब बोल्ट घालून आवळून बांधल्या, फाटक्या डब्याकडे जाणारी हवा बंद केली. चाकं मोकळी झाली. पायाचा ब्रेक चालणार होता. हँडब्रेक मात्र आता नुसता दांडा होता. मग त्यानं पिशवीतून लाल फडकं काढलं, टर्रकन फाडलं आणि त्याची चिंधी हँडब्रेकला दोन गाठी मारून बांधली.

“हे चिंधी दिसली का समजायचं, हँडब्रेक मेला हाय,” तो म्हणाला. “उतरलं का आदी गुटका लाव. गाडी गिअरमधी ठेव. अन हे सोडायची नाई, देवराव. नवं रबर टाकीन तवा मीच सोडीन.”

गुटका म्हणजे टायरखाली लावायचा लाकडी ठोकळा, पानटपरीवरचा नव्हे. आणि चिंधी बांधणं ही हनीफभाईची पद्धतच होती. अर्धवट दुरुस्त केलेली गाडी तो चिंधीशिवाय सोडायचा नाही. पातूर रोडचे ड्रायव्हर म्हणायचे, हनीफभाईची चिंधी नाही ना, मग गाडी बिनघोर चालव. त्या माणसाचं सगळं नाव त्या फडक्याला बांधलेलं होतं. हे लक्षात ठेवा.

सकाळी वरुडला जाताना मोर्शीच्या पुढं एका नळावर मी तोंड धुतलं, गाडी पुसली आणि केबिनमध्ये चढलो. चिंधी डोळ्यांत खुपली. वरुडच्या आवारात फाटकावरचा माणूस केबिनमध्ये डोकवायचाच. तो सगळ्यांदेखत विचारणार, काय देवराव, नवरी बिमार हाय काय? लोक हसणार. बस, एवढंच. गाडी भरायला कुणी नकार दिला नसता. फक्त हसले असते. मी गाठी सोडल्या आणि चिंधी खिशात टाकली. मनाशी म्हटलं, मला तर माहीत आहे ना?

आवारात गेल्यावर मी गुटका लावलाही. त्या फेरीला बरोबर कुणी नव्हतं, म्हणून स्वतःच लावला. दुपारपर्यंत गाडी निम्मी भरली. मग कौसाबाई ओरडली, मी हसत हसत चढलो, गाडी चार हात पुढं घेतली — तिथं जमीन थोडी चढाची होती — आणि हँडब्रेक ओढला. फुस्स.

तो आवाज! तीस वर्षं त्या आवाजानंतर मी उतरून गेलोय. कानानं ऐकलं आणि अंगानं मानलं की गाडी उभी राहिली. बोल्टनं बांधलेल्या स्प्रिंगला त्या आवाजाशी काय घेणं होतं? दांडा हातात असताना चिंधी बोटांना लागली असती. लागली नाही. गाडी न्यूट्रलमध्येच ठेवून मी खाली उतरलो.

गुटका मागंच पडला होता. कौसाबाईनं तो ओढून घेतला आणि मागच्या चाकाच्या मागं, जिथं सावली दाट होती, तिथं त्यावर बसली. मी हे पाहिलं. तेव्हा मला आठवलंही — अर्धवट, झोपेत कुणी हाक मारावी तसं. पण म्हातारी बाई बसलीये, जेवतेय, तिला ऊठ कसं म्हणायचं? जेवण झालं की लावू. मी पुढच्या चाकाजवळ तणसावर आडवा झालो.

पुढचं मला नेहमी मुका चित्रपट पाहिल्यासारखं दिसतं. माझ्या पायांच्या बोटांवर ऊन आलं. मग घोट्यांवर. मग गुडघ्यांवर. मला वाटलं, सूर्य कलला, दुपार सरतेय. वर हमाल चढले होते, क्रेट आदळल्याचा आवाज झाला होता. ऊन छातीवर आलं तेव्हाही मी डोळे मिटूनच होतो, आणि खरं सांगू, बरं वाटत होतं. सावली माझ्यावरून सरकत होती, कारण गाडी उतारावर मागं सरकत होती. आवाज नाही, इंजिन नाही. मग बाया किंचाळल्या.

कौसाबाई वाचली. उजवा पाय गुडघ्याखालून गेला.

ठाण्यात मला लाकडी बाकावर बसवलं. साहेबानं विचारलं, “हँडब्रेक बंद हाय हे मिस्त्रीनं तुले सांगतलं होतं काय?”

चिंधी माझ्या खिशात होती. मांडीला तिची गाठ टोचत होती.

मी म्हणालो, “नाई साहेब.”

संध्याकाळी हनीफभाईला बोलावून आणलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं — रागानं नाही, वाट पाहिल्यासारखं. म्हणाला, “चिंधी बांधली होती ना मी, देवराव?”

आता तरी खरं बोलता आलं असतं. एकच शब्द होता. मी जमिनीकडे पाहून म्हटलं, “कोणती चिंधी?”

कायद्यानं त्याचं फारसं काही बिघडलं नाही. रात्रभर बसवून, लिहून घेऊन त्याला सोडलं. केस माझ्यावर झाली, तीही हलकी. पण रस्त्याचा कायदा वेगळा. ढाब्याढाब्यावर लोक मला विचारायचे आणि मी सांगायचो. दर वेळी जरा अधिक चांगलं सांगायचो. हनीफभाई थकला, हात कापतात, ध्यानात राहत नाही. कौसाबाईनं गुटका ओढला हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही, आणि गरीब बाईवर ढकललं नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटली. असा मी. वर्षाच्या आत पातूर रोडचं ते गॅरेज बंद पडलं. ज्याच्या चिंधीचा भरवसा नाही, त्याच्या हातात गाडी कोण देणार?

चिंधी मी पूर्णेच्या पुलावरून खाली टाकली. उडत उडत गेली, पाण्यात पडलेली दिसली नाही.

आणि एवढंच असतं तर कदाचित मी आज बोललोही नसतो. खरी गोष्ट याच्या पुढं आहे.

गेल्या वर्षी अकोटला एका लग्नाला गेलो होतो. एसटीतून उतरलो तर जिनिंगच्या भिंतीला लागून पंक्चरचं दुकान, आणि ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत बसलेला हनीफभाई. दाढी पांढरी झालेली. दुकान दुसऱ्याचं, हा कामाला. मी वळणारच होतो, तेवढ्यात त्यानं पाहिलं. उठला, हात पुसले, मला स्टुलावर बसवून चहा सांगितला. आसपास सरकीचा वास, उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते. 

मग तो म्हणाला, “देवराव, दर ईदच्या नंतर मी वरुडले जातो. त्या बाईच्या घरी. शिरखुर्मा नेतो.”

चहा आला. मी घोट घेतला.

“चिंधी बांधली होती असंच मले वाट्टे. पण इतके वर्स रोज इचार करू करू आता मलेच भरोसा नाई राह्यला. तू काहून खोटं बोलशीन? मीच भुललो असंन. त्या बाईचा पाय माया हातानं गेला, अन तुयावर केस आली ते बी मायापायीच.” त्यानं मान खाली घातली. “माफ कर गड्या.”

माझ्याजवळ सांगायला अख्खी दुपार होती. आम्हा दोघांशिवाय तिथं कुणी नव्हतं. माझी ड्रायव्हरकी संपलेली, केस मिटलेली. खरं बोलून माझं काहीएक जाणार नव्हतं.

मी म्हणालो, “जाऊ द्या, हनीफभाई. होते माणसाकडून.”

मी त्याला माफ केलं. त्याचे डोळे भरून आले. माझा हात त्यानं आपल्या दोन्ही हातांत घेतला, वाकून कपाळाला लावला — आणि मी तो लावू दिला.