चित्रांवरचे कागद

इद्रिया गावच्या येर्नेय कोबलची उभी हयात पुस्तकं बांधण्यात गेली. रंगीत चित्राला समोरच्या पानाच्या शाईचा डाग लागू नये म्हणून मध्ये एक झिरझिरीत कोरा कागद असतो. तो पिवळा पडला की येर्नेय न विचारता बदलून देई.

झोफ्काबाईंच्या रानफुलांच्या पुस्तकात मात्र त्याला कोडं पडलं. पातळ कागदांना बारीक भोकं होती, खालच्या चित्रांना एकही नाही. कसर वरचा कागद खाऊन तिथेच थांबते कशी? भिंग लावूनही काही उलगडेना. शेवटी त्याने नाद सोडला आणि नवे कागद घातले.

पुस्तक न्यायला आलेल्या झोफ्काबाईंनी आधी शिवण पाहिली, मग पानं उलटली.

"येर्नेयभाऊ, यातले कागद कुठे गेले?"

"बदलले की. कसर लागली होती."

"कसर पाकळीच्या कडेकडेनं चालते होय? लेसचे नमुने होते ते! दोरा जिथे वळवायचा तिथे आईनं टाचणीनं टोचलेले. मी पुठ्ठा बांधायला दिला होता, आत हात घालायला कुणी सांगितलं?"

येर्नेय गोंधळला. गावात घरोघर लेस विणतात; त्याची आईही विणायची. "पण नमुन्याचा कागद जाड असतो ना?"

"जाडावर उतरवायचा तो यावरूनच! लेकीचं लग्न तोंडावर आलंय. टेबलावरच्या चादरीत मधोमध आईचं जेन्शियनचं फूल घालीन असा शब्द दिलाय मी तिला."

त्या कागदांना त्याने खळीचा ब्रश पुसला होता. रद्दीची टोपली उपसली, तेव्हा बहुतेकांचे गोळे निघाले. जेन्शियन सापडलं, पण अर्धंच शाबूत. उरलेल्या अर्ध्याची भोकं खळीने बुजली होती.

"चित्रावरून काढून देऊ?"

"दोरा कुठून वळतो ते चित्रात दिसतं का तुम्हाला?"

येर्नेयने चित्र निरखलं. दिसलं नाही.

"बरोबर मधोमध घडी घालता येते ना?" झोफ्काबाईंनी विचारलं.

"तेवढं येतं."

"मग घाला."

त्याने देठावरून घडी घातली, हाडाच्या पट्टीने दाबली. झोफ्काबाईंनी गळपट्टीतली टाचणी काढली आणि चांगल्या अर्ध्याच्या भोकांतून खालचा अर्धा टोचत गेल्या. घडी उलगडून कागद खिडकीशी धरला, तर खळीच्या बाजूला एक जुनं भोक भलत्याच जागी उघडं राहिलेलं.

"इथे आईनं का बरं वळवलं असेल?"

"चुकलं असेल."

"आईचं?" त्यांनी त्या भोकावर बोट टेकवलं. "असू दे. जसं आहे तसंच विणते."

कागद घेऊन त्या निघाल्या. पुस्तक टेबलावरच राहिलं. हाक मारावी म्हणून येर्नेय दारापर्यंत गेला आणि हाक न मारताच परत आला. त्याने जेन्शियनचं चित्र उघडलं. त्यावरचा नवा कागद कोरा, स्वच्छ होता. तो ठेवायचा की काढायचा, ते त्याला ठरवता येईना.