आखाजीला पहूरहून येणारी बाई

पहिलं पुस्तक काढायला निघालेले लोक अजूनही माझ्याकडे येतात. त्यांच्या काळज्या ठरलेल्या असतात. पुस्तक कोण वाचणार, समीक्षक काय म्हणतील, छपाईत चुका राहिल्या तर? मलाही ह्याच होत्या. जिची काळजी करायला हवी होती ती एक गोष्ट सोडून मी बाकी सगळ्यांची काळजी केली. ते आता सांगून टाकतो.

माझ्या दोन चुलत बहिणी. माहेर असोद्याचं, म्हणजे आमचंच घर. थोरल्या अक्काला धुळ्याजवळच्या एका गावात दिलं होतं, धाकटीला पहूरला. धाकटीचा नवरा लवकर गेला. काही वर्षांनी ती आजारपणाचं निमित्त करून अक्काकडे जाऊन राहिली. ती परत गेली तेव्हा अक्काच्या घरात, जिथं इतकी वर्षं पाळणा हलला नव्हता, एक मुलगी होती. ती अक्काची म्हणूनच वाढली.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. धाकटी मात्र त्यानंतर आखाजीला असोद्याला आली नाही. जळगावला बस बदलून ती सरळ अक्काच्या गावी जायची. काकू दरवर्षी चिडायची. "आईबाप जिवंत असताना बहिणीच्या सासरी आखाजी करणारी बाई मी तर पाहिली नाही!" लोक हसायचे आणि विसरून जायचे.

खरं कारण मला अक्कानंच सांगितलं. आम्ही तिच्या ओट्यावर बसलो होतो. समोर निंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर मुलगी होती आणि धाकटी तिला झोका देत होती. सासरी राहून अक्काची बोलीही तिकडचीच झाली होती.

"भाऊ, हाई तुन्हा पोटमा ठेव," ती म्हणाली. "तिले वरीसमा हाऊ एकच दिन शे. बठ्ठासले समजनं ते तोबी जाई."

सगळ्यांना कळलं तर तिचा वर्षातला हा एकच दिवसही जाईल, हे समजून मी मान डोलावली. आणि वर्षाच्या आत त्यावर कथा लिहिली.

नावं बदलली, गावं बदलली, मुलीचा रंगही बदलला. आखाजी मात्र ठेवली. ती काढली की कथा उभीच राहत नव्हती.

पुढं काही वर्षांनी पुस्तक धुळ्याला छापायला दिलं. प्रकाशकाचाच छापखाना होता. शिशाचे खिळे जुळवून पानं तयार करायची, सोळा पानांचा एक फॉर्म छापून झाला की तेच खिळे सुटे करून पुढच्या पानांना वापरायचे. मी रविवारी जळगावहून जाऊन प्रुफं तपासायचो. त्या कथेचं प्रूफ खिळे जुळवणाऱ्या म्हाताऱ्यानं स्वतः माझ्या हातात दिलं आणि तो तिथंच उभा राहिला.

"सर, पहूरहून येते तीच का ही?"

माझ्या कथेत पहूर कुठंच नव्हतं.

"कोण पहूरची?"

"आमच्या गावात येते ना, आखाजीला. बहिणीकडे. आम्ही म्हणायचो, ही बाई माहेर सोडून इथं कशाला येते? आज कळलं."

"कल्पित आहे हो ते."

"असेल," तो म्हणाला. "पण सर, मी खिळे उलटे वाचतो, तरी मला समजलं. गाव तर सरळ वाचेल."

तेवढ्यात प्रकाशक आतून ओरडला, "सर, हा फॉर्म दुपारी मशीनवर चढतोय. काय काढायचं, काय घालायचं ते आत्ता सांगा."

ही कथा काढा म्हणालो असतो तर काढली असती. पण पुस्तकाचं नाव त्याच कथेवरून होतं. एका प्राध्यापकांनी हस्तलिखित वाचून सांगितलं होतं की हीच कथा तुमचं नाव करील.

मी म्हणालो, "दुसऱ्या ओळीत अनुस्वार राहिलाय. तेवढा बघा."

दुपारी मशीन सुरू झालं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. म्हातारा जेवायला जाताना माझ्याकडे न बघता गेला.

पुस्तक आलं. पहिल्याच पानावर छापलं होतं की पात्रं आणि प्रसंग काल्पनिक आहेत. दोन परीक्षणांत माझ्या कल्पनाशक्तीचं कौतुक झालं. गावाकडून महिनोन्‌महिने काही कानावर आलं नाही. खेड्यात पुस्तकं वाचतो कोण, अशी मी स्वतःची समजूत घातली. तरी आखाजीच्या आदल्या दिवशी जळगावच्या स्टँडवर जाऊन उभा राहिलो. पहूरकडून एकामागून एक बस आल्या. धाकटी एकीतूनही उतरली नाही.

आठवड्याभरानं मुलगी माझ्या घरी आली. तेव्हा ती कॉलेजात होती. पिशवीतून तिनं माझं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं.

"मामा, मावशी या वर्षी आली नाही. आई काही बोलत नाही. गल्लीतल्या बाया मला पाहून गप्प होतात. यातली मुलगी मीच ना?"

"गोष्ट आहे ती, बेटा. लेखक मनानं रचतो."

"आणि मावशी?"

"तीही."

तिनं पुस्तक परत पिशवीत टाकलं. पाणीसुद्धा प्यायली नाही.

धाकटी पुन्हा त्या गावी आखाजीला कधी गेली नाही. मुलीच्या लग्नात ती मागच्या रांगेत बसली आणि पाठवणीच्या आधीच निघाली. अक्का मला भाऊ म्हणायचं सोडून सर म्हणायला लागली. बारा-तेरा वर्षांनी धाकटी पहूरला वारली. मुलगी भाची म्हणून गेली, चार बायकांत बसली आणि संध्याकाळच्या बसनं परतली.

आता अक्काही नाही. गेल्या महिन्यात धुळ्याला मुलीच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं. ओट्यावरचं, छापखान्यातलं, त्या अनुस्वाराचंसुद्धा. तिचेही केस पांढरे झालेत. हे लिहू का, असं मी विचारलं.

"या वेळी विचारताय तरी," ती म्हणाली. "लिहा."

मग चहा ठेवायला उठता उठता म्हणाली, "मामा, मला संशय होताच. पण विचारायची माझी हिंमत फक्त तुमच्यापुरतीच होती. तुम्ही त्या दिवशी हो म्हणाला असता, तर मी तुमच्या घरूनच पहूरची बस धरली असती."