शनिवारची गोलकीपर

ग्लोव्हज घालण्याआधी सिप्पोरा त्यांच्यावर थुंकते. आधी डावा घालते. उजवी करंगळी वाकडी असल्यामुळे दुसऱ्याला वेळ लागतो. बुटाच्या टाचेने गोलच्या मधोमध एक रेघ मारते. गोल खाल्ला की बॉल जाळ्यातून स्वतः काढते, जर्सीला पुसते आणि मगच पुढे देते. पाणी पिते ते उभ्यानेच. आणि सामना चालू असताना मधूनच उजव्या खांबाला बोटं लावते आणि ती ओठांना टेकवते.

हे सगळं रेवाने सहा वर्षं बाकावर बसून पाहिलं. पनवेलच्या या संघाची ती दुसरी गोलकीपर. पहिली सिप्पोरा, तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी. रेवाने एकेक करून तिचं सगळं उचललं. थुंकणं, रेघ, खांबसुद्धा. खांबाचा अर्थ तिला सिप्पोराच्या घरी गेल्यावर कळला. इस्रायल तलावाजवळच्या त्या घराच्या चौकटीला उजव्या हाताला एक लहानशी लाकडी डबी ठोकलेली आहे. आत प्रार्थनेचा कागद. जातायेता घरातला प्रत्येक जण तिला बोटं लावतो आणि ओठांना टेकवतो. मैदानावर सिप्पोराचं घर म्हणजे गोल.

सिप्पोरा दहा वर्षांची असताना भावाला, अवीला, गोलमध्ये उभं राहायला कोणी मिळेना. म्हणून हिला उभं केलं. अवी पुढे क्रिकेटकडे वळला. ही तिथेच राहिली. शाळेच्या संघातून जिल्ह्याच्या संघात गेली. करंगळी उरणच्या एका सामन्यात मोडली. तिने ती शेजारच्या बोटाला बांधली आणि उरलेली वीस मिनिटं उभी राहिली. एकोणिसाव्या वर्षी राज्याच्या संघासाठी बोलावणं आलं. शेवटची निवड चाचणी शनिवारी होती.

शनिवारी सिप्पोरा खेळत नाही. ती ज्यू आहे. शुक्रवारी सूर्य बुडाला की तिचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, सुरू होतो आणि शनिवारी सूर्य बुडेपर्यंत चालतो. त्या वेळात ती काम करत नाही, गाडीत बसत नाही, फोन घेत नाही. घरातही इतकं कडक कोणी पाळत नाही. चाचणीच्या वेळी तिचे वडील, बेंजामिनकाका, स्वतः म्हणाले होते, "जा गं. मी कोणाला सांगणार नाही." ती गेली नाही. काका दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

रेवाने एकदा विचारलं होतं, "ताई, वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. अजून वाटतं." मग म्हणाली, "आठवड्यातून एक दिवस माझ्यावर कोणी शॉट मारत नाही. तो दिवस मला लागतो."

म्हणून शनिवारचे सामने रेवाचे. वर्षाला दोन, फार तर तीन.

यंदा मोसमाचा शेवटचा सामना रविवारी होता. मैदान मिळालं नाही म्हणून तो शनिवारवर आला. बरोबरी झाली तरी संघ लीगच्या वरच्या गटात राहणार होता. हरला तर खाली. आणि संघ खाली गेला तर पुढच्या वर्षी मुलींचा संघ चालवणार नाही, असं क्लबने आधीच सांगून टाकलं होतं.

प्रशिक्षक दयाराम सरांनी सिप्पोराला तीनदा विचारलं. "तुझा देव एकदा रविवारी सुट्टी घेईल का?"

"सर, त्याने आधीच घेतलीय. शनिवारची."

कप्तान विनिता उरणच्या कोळीवाड्यातली. ती असं गोड बोलत नाही. "आमी खाली गेलो तर तुजा देव वर काढनार हाय का?"

"नाही. रेवा आहे ना."



गुरुवारी सरावाला विनिता रेवावर शॉट मारत होती. उजवीकडचे रेवाने अडवले. डावीकडचे पाचपैकी चार आत गेले. सिप्पोरा गोलमागे उभी होती. तिने विनिताला थांबवलं.

"रेवा, तू खांबाला हात का लावतेस?"

"तू लावतेस म्हणून."

"मी लावते तेव्हा बॉल कुठे असतो?"

सहा वर्षं रेवाने फक्त सिप्पोराकडे पाहिलं होतं. बॉलकडे पाहिलंच नव्हतं.

"पलीकडच्या गोलपाशी असतो," सिप्पोरा म्हणाली. "तू समोर बॉल असताना लावतेस. पाऊलभर उजवीकडे जातेस नि डावीकडचं दार उघडं टाकतेस."

विनिता पोट धरून हसली. "आईशप्पथ! मी त्याच बाजूला मारत व्हते. मला वाटलं, पोरीला डावा हातच नाय."

शुक्रवारी रेवाच्या उजव्या ग्लोव्हची शिवण तळव्यावर उसवली. हाताला बसलेला तोच एक जोड होता. सिप्पोराने तो घरी नेला, रेवाही मागोमाग गेली. विनिताने दिलेला मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉनचा दोरा घेऊन ती खिडकीत शिवायला बसली. टाके बारीक, घट्ट. बाहेर तलावावरचं ऊन उतरत गेलं. तिच्या आई, मिखालकाकू, शब्बाथचे दिवे लावायला उठल्या. सिप्पोराने दोऱ्यातून सुई काढून डब्यात ठेवली.

"राहिलं."

"ताई, चारच टाके आहेत!"

"सूर्याला सांग."

ते चार टाके रेवाला घरी घालता आले असते. तिने सुई हातात घेतलीही. मग खाली ठेवली आणि शिवणीवर चिकटपट्टी गुंडाळली. लोंबणारा दोरा पट्टीखाली दाबला.

शनिवारी चार वाजता, मे महिन्याच्या उन्हात, सिप्पोरा जुन्या पनवेलहून नवीन पनवेलच्या मैदानावर चालत आली. ओढणी डोक्यावर घेऊन गोलमागे उभी राहिली. बॉल पलीकडे गेला की रेवा खांबाला बोटं लावायची. बॉल इकडे वळला की हात खाली.

एक-एक अशी बरोबरी होती. शेवटच्या मिनिटांत समोरच्या संघाची पुढची खेळाडू एकटीच सुटून आली. रेवाचा उजवा हात आपोआप उठला. तिने तो मध्येच थांबवला. गोलच्या मधल्या रेघेवर उभी राहिली. शॉट डावीकडे आला. ती आडवी झाली आणि बॉल चिकटपट्टीवर आपटून बाहेर गेला. कॉर्नर विनिताने डोक्याने उडवला. शिटी वाजली.

विनिता धापा टाकत गोलमागे गेली. "काय गं, आता तुजा देव खूश हाय का?"

"त्याला फुटबॉल कळत नाय," सिप्पोरा तिच्याच बोलीत म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मग रेवाकडे वळली. "पुढच्या वर्षी रविवारीही तूच."

रेवाने ग्लोव्ह काढून पुढे केला. शिवण पुन्हा उसवली होती, पण चार टाक्यांपुरतीच. सिप्पोराने सूर्याकडे पाहिलं. तो अजून वर होता.

आता सिप्पोरा बारा लहान मुलींना गोलमध्ये उभं राहायला शिकवते. ग्लोव्ह तिच्या खिडकीत आहे. शुक्रवारी सराव संपला की रेवा तिच्या घरी जाते. सिप्पोरा सुईत दोरा ओवते. मग कोणत्यातरी मुलीच्या उडीवर बोलणं निघतं. रेवा उठून उडी करून दाखवते, सिप्पोरा तिचं पाऊल दुरुस्त करते, आणि मिखालकाकू दिवे लावायला उठतात.

चार टाके अजून राहिले आहेत.