खिळ्यांवरचं कुंकू

खंडेनवमीचा दिवस. माझा बाप प्रेसच्या दाराबाहेर, गटारीवरच्या फरशीवर चपला काढून उभा होता. मी आठ वर्षांची, त्याचं बोट धरून. आत छपाईचं यंत्र धुऊनपुसून त्याला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. शेजारी केस मांडल्या होत्या. केस म्हणजे छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे ठेवायच्या लाकडी पेट्या, प्रत्येक अक्षराला वेगळं घर. मालक त्यांच्यावर हळदकुंकू आणि अक्षता टाकत होते. त्यांचा धक्का लागून एक केस कलती झाली. बाप सवयीने धरायला धावला.

"हात नको लावू! आज बठ्ठं देव शे," मालक ओरडले. आज सगळंच देव होतं.

बाप थांबला. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. मग त्याने आतला पाय मागे घेतला. केस पडली. खिळे फरशीभर सांडले. पूजा काही थांबली नाही. शेवटी प्रसाद हातावर वरून टाकत मालक म्हणाले, "उद्या ये. तूच साफ कर."

दुसऱ्या दिवशी देव पुन्हा शिसं झाले होते. बाप त्या प्रेसमध्ये कंपोझिटर होता. वर्षभर त्या खिळ्यांना त्याचाच हात. दिवसभर तो खाली बसून खिळे वेचत राहिला, दाभणाने तांदळाचे दाणे उकरत राहिला. मी शेजारी. एकेक खिळा दाखवून तो सांगायचा, हा क, हा म. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, म्हणून मी अक्षरं आधी उलटी शिकले आणि मग शाळेत सुलटी.

मला मालकाचा राग आला नव्हता. मला बापाची लाज वाटली होती. हे सांगायला आजही जड जातं.

पुढे कॉम्प्युटर आले, प्रेसला कुलूप लागलं, बाप गेला. मी इथे धुळ्यातच एका दुकानात लग्नपत्रिका टाइप करत पोट भरलं. गेल्या दिवाळीनंतर मालकांचा नातू पुण्याहून शिकून आला. कुलूप काढलं आणि दारावर स्टुडिओची पाटी लावली. जुन्या छपाईचं म्हणे आता मोठं कौतुक आहे. त्याने मला बोलावून घेतलं.

"ताई, तुमचे वडील इथेच होते ना? मग हे तुम्हालाच जमेल."

जमलं. वर्षानुवर्षांचे खिळे पोत्यांत, डब्यांत कोंबलेले. उंदरांच्या लेंड्या. शिशावर पांढरं चढलेलं. मी रॉकेलमध्ये ब्रश बुडवून एकेक खिळा घासला, फडक्याने कोरडा केला, आकाराप्रमाणे लावला. अर्धी अक्षरं वेगळी, मात्रा वेगळ्या. रजिस्टर घातलं. केस नंबर, अक्षर, नग, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात मी लिहायचे, पूर्ण. अपुरे. झिजलेले. मुलगा चांगला होता, चहा वेगळ्या कपात नाही, त्याच्याच कपांत द्यायचा.

एका केसमध्ये तांदळाचे काळे पडलेले दाणे निघाले. कुंकवाचा थर बसून खिळे एकमेकांना चिकटले होते. मी दाभण घेतलं आणि उकरलं. शेऱ्यात लिहिलं, कुंकू होते, साफ केले. काहीही वाटलं नाही. जेवणाचा डबा खाल्ला आणि पुढची केस ओढली.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नातू माझ्या टेबलापाशी आला.

"ताई, उद्या सुट्टी घ्या. पूजा आहे. आबा येणारेत. जुनं माणूस आहे, समजून घ्या."

मी म्हणाले, "बरं."

घरी जाऊन भाकऱ्या टाकल्या, भांडी घासली. हात चालत होते, मी कुठे नव्हतेच. आपण "बरं" म्हणालो, एवढंच राहून राहून आठवत होतं. बापाने पाय मागे घेतला होता. मी तर जागची उठलेही नव्हते आणि बाहेर गेले होते.

सकाळी रोजच्या वेळेला गेले. सगळ्यांच्या चपलांशेजारी चपला काढल्या, आत जाऊन माझ्या स्टुलावर बसले, केस पुढे ओढली आणि ब्रश घेतला. मला पूजा करायची नव्हती. आमच्या घरी पूजा नाही, बुद्धाची तसबीर आहे. मला माझ्या जागेवर बसायचं होतं. गुरुजी मंत्र म्हणता म्हणता थांबले. नातू वाकून हळूच म्हणाला, "दहाच मिनिटं, ताई. बाहेर थांबा ना."

"मी कामावर आहे."

खुर्चीतून आबांनी, म्हणजे त्याच जुन्या मालकांनी, हात वर केला. म्हातारा आवाज, पण वाक्य तेच.

"हात नको लावू. आज बठ्ठं देव शे."

"आबा, बठ्ठं वरीस मनाच हात शेतस यावर. आज बी ऱ्हातीन."

वर्षभर माझेच हात, तर आजही माझेच. माझा आवाज चढला नाही. मी पुढचा खिळा घेतला आणि घासायला लागले. कोणी मला उठवलं नाही. पूजा उरकली. माझ्या टेबलाजवळ न येता गुरुजींनी लांबूनच कुंकू-अक्षता उडवल्या. घासून लख्ख केलेल्या केसभर कुंकू पडलं.

दुसऱ्या दिवशी नातू माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, तेवढं कुंकू काढून घ्या. पाहुणे येणारेत."

मी रजिस्टर उघडलं. त्या केससमोर शेऱ्यात लिहिलं, कुंकू पूजेचे, मी काढणार नाही. खाली सही केली. ब्रश आणि दाभण त्याच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

"ज्याने टाकलं, त्याने काढायचं."

त्याने शेरा वाचला आणि रजिस्टर मिटलं.

आठवडा झाला. पाहुणे येऊन गेले, कुंकू तसंच आहे. मी दुसरा ब्रश आणलाय, रोज जाते, बाकीच्या केस लावते. काम जाईल, कदाचित याच महिन्यात. त्या केसमधल्या खिळ्यांवर पुन्हा पांढरं चढायला लागलंय. बापाच्या हातचे खिळे आहेत, बघून जीव तुटतो. तरी मी हात लावणार नाही.