थोरलीचा न मोडलेला पाय

थोरलीला सुट्टी लागली की घरातल्या बाकी सगळ्यांना रजा मिळायची. हे वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. तिची हक्काची दहा दिवसांची रजा नेमकी मुलांच्या शाळेच्या सुट्टीत पडायची, म्हणजे तशी पाडली जायची. अर्ज तिने भरायचा, तारखा घराने ठरवायच्या.

घर म्हणजे सासू-सासरे, तीन भाऊ, त्यांच्या तीन बायका आणि सात मुलं. या तिघींतली सगळ्यात मोठी म्हणून ती थोरली. सुट्टीत नणंद आपली दोन मुलं घेऊन आली की आकडा नऊवर जायचा. नवांतला सगळ्यात लहान थोरलीचाच, पाच वर्षांचा. तो सगळ्यांच्या मागून जन्मला आणि कुठेही जाताना सगळ्यांच्या मागेच असायचा, म्हणून त्याला शेपूट म्हणत.

थोरली हाडांच्या इस्पितळात प्लास्टर रूममध्ये कामाला होती. मोडलेला हात किंवा पाय पुढ्यात आला की आधी कापसाचा थर गुंडाळायचा, मग पट्ट्या कोमट पाण्यात बुडवून, पिळून एकावर एक चढवायच्या आणि वाळायच्या आत तळहाताने फिरवून गुळगुळीत करायच्या. सोळा वर्षांत तिचं एकही प्लास्टर तडकलं नव्हतं. शेवटी पेशंटला ती ठरलेलं सांगायची, "आता सहा आठवडे पाय उंच ठेवायचा आणि नुसता आराम करायचा." एकदा हे ऐकून एका बाईने डोळे मिटले आणि "देव पावला," म्हणाली. ती बाई थोरलीच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हती.

कारण स्वतःची रजा कशी असते ते तिला पक्कं ठाऊक होतं. "थोरली घरीच आहे" एवढं म्हटलं की वर्षभर तुंबलेली कामं वास काढत तिच्यापर्यंत यायची. गाद्या उन्हात टाकायच्या, पडदे धुवायचे, माळ्यावरचे डबे उतरवून घासायचे आणि परत माळ्यावर ठेवायचे. ते डबे वर्षभर कुणी उघडतही नसे, पण घासायचे. धाकटी जाऊ सकाळी उठून आपली दोन्ही मुलं तिच्या खोलीत सोडायची आणि जाताना म्हणायची, "ताई, तुम्हाला मुलांची किती आवड!" नवरा बिचारा चांगला होता. चांगला म्हणजे तो काहीच करायचा नाही, त्यामुळे वाईटही काही करायचा नाही. दहा दिवस संपवून थोरली इस्पितळात परत गेली की स्टुलावर टेकायची आणि तिथे तिला पहिल्यांदा हुश्श वाटायचं.

या वर्षी तिला फार काही नको होतं. दुपारी दोन तास झोप, आणि त्या दोन तासांत कुणी हाक मारायची नाही, बस्स. जेवताना तिने तसं सांगूनही पाहिलं, "या वेळी मी जरा झोपणार आहे हं." सगळे हसले. सासरे म्हणाले, "झोप की! कोण नको म्हणतंय?" आणि ताट पुढे करत म्हणाले, "थोडा भात वाढ."

रजेच्या आदल्या दिवशी काम आटोपल्यावर तिने प्लास्टर रूमचं दार लावून घेतलं आणि स्वतःच टेबलावर चढून बसली. तिथले जुने मदतनीस हात धूत होते. नव्या डॉक्टरांच्या दोन पिढ्यांना त्यांनी पट्टी बांधायला शिकवली होती, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत.

"मास्तर, डाव्या पायाला घाला."

"काय झालं पायाला?"

"काही नाही."

मास्तरांनी टॉवेलने हात पुसले. "बाई, मोडल्याशिवाय प्लास्टर घालत नाहीत."

"उद्यापासून दहा दिवस मी घरी आहे," थोरली म्हणाली.

मास्तर सहा भावंडांत वाढले होते. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. तारीख उलटलेल्या काही पट्ट्या टाकून द्यायच्या होत्या, त्या त्यांनी काढल्या आणि पाणी गरम करायला ठेवलं. काम झाल्यावर थोरलीने स्वतःच्या हाताने प्लास्टर गुळगुळीत केलं. सवय.

इस्पितळाच्या पायरीवरून घसरले, असं तिने घरी सांगितलं. पुरावा म्हणून कुणी न नेलेल्या जुन्या एक्स-रेंच्या गठ्ठ्यातला हाताला लागला तो एक्स-रे घेऊन आली होती. सासऱ्यांनी चष्मा लावला आणि तो खिडकीपाशी धरून वाचनालयात वर्तमानपत्र वाचावं तसा वरपासून खालपर्यंत वाचला.

"सूनबाई, यात दोन स्क्रू दिसतायत."

घाईत तिने एक्स-रे नीट पाहिलाच नव्हता. "ते जुने आहेत," ती म्हणाली, "लहानपणी पडले होते."

"हो हो," नवरा लगेच म्हणाला, "मला म्हणाली होती ती."

बारा वर्षं संसार करून आपल्या बायकोच्या पायात स्क्रू आहेत की नाहीत हे या माणसाला माहीत नाही, याचं थोरलीला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की राग यायचं राहूनच गेलं. राग संध्याकाळी आला.

मग घराची सभा भरली. सासऱ्यांनी कागदावर आखणी केली. कुणी स्वयंपाक, कुणी भांडी, कुणी मुलांच्या आंघोळी, आणि नवऱ्याच्या नावापुढे 'देखरेख' असं लिहिलं. थोरलीची खाट बैठकीच्या खोलीत खिडकीशी आणली, म्हणजे येता-जाता सगळ्यांचं लक्ष राहील. पहिला दिवस स्वर्ग होता. चहा हातात आला. कोमट होता, साखर विसरली होती, पण उठावं न लागता आला. दुपारी ती दोन तास घोरत पडली आणि तिच्या प्लास्टरसमोर नऊ मुलं पायांच्या चवड्यांवर चालत होती.

दुसऱ्या दिवशी धाकटी जाऊ मटारची टोपली घेऊन आली. "ताई, बसलाच आहात तर एवढे सोलता का? तेवढाच तुमचाही वेळ जाईल."

थोरलीने सोलले. तिथेच चुकलं. अर्ध्या तासात नणंद शर्टांची बटणं घेऊन आली. बसलीच आहेस तर. मधली जाऊ पाच किलो तांदूळ निवडायला ठेवून गेली. पाय मोडलाय, हात नाही ना मोडले! सासऱ्यांना पत्र लिहायचं होतं, नवऱ्याला ऑफिसचे कागद तारखेनुसार लावून हवे होते. देखरेख करणारा माणूस, त्याला वेळ कुठला? मुलांचा तर प्रश्नच मिटला. इतकी वर्षं थोरलीला मुलं सांभाळायला सांगायची तर आधी ती सापडावी लागायची. कधी गच्चीवर, कधी न्हाणीघरात, कधी कपाटामागे काहीतरी शोधण्याच्या मिषाने. आता ती खाटेला खिळलेली होती. सकाळी नऊला नऊ मुलं खाटेवर ओतली जायची आणि जेवायच्या वेळी उचलली जायची.

चौथ्या दिवसापर्यंत त्या खाटेचं सरकारी कचेरीत रूपांतर झालं होतं. एका बाजूला तक्रारी, दुसऱ्या बाजूला वेण्या, पायथ्याशी सुट्टीचा अभ्यास. प्लास्टरवर कुणी हत्ती काढला, कुणी साताचा पाढा लिहिला आणि तोही चुकवला. थोरली दिवसभर न्यायनिवाडा करायची. "तिने आधी मारलं." "नाही, त्याने आधी जीभ काढली." शेपूट मात्र भांडणात नसायचा. प्लास्टरला पाठ टेकून तो सकाळपासून तसाच बसायचा आणि कुणी हलवलं तर लाथ मारायचा. प्लास्टरच्या आत खाज सुटली होती. थोरली विणकामाची सुई आत घालून खाजवायची आणि आपल्या अकलेला शिव्या द्यायची. धड पाय असता तर निदान पळून तरी जाता आलं असतं!

त्या दुपारी मुलं दुसऱ्या खोलीत गेल्यावर सासूबाई येऊन खाटेच्या कडेला बसल्या. त्यांनी बोटाच्या पेराने प्लास्टरवर टकटक केलं.

"दुखतं का गं?"

"हो, थोडं."

"दुखायलाच पाहिजे," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या वेळी मी डोकं दुखतंय म्हणायची. बत्तीस वर्षं दुखलं. डॉक्टरकडे का जात नाहीस, असं एकानेही विचारलं नाही."

थोरलीने विणकामाची सुई प्लास्टरमधून बाहेर काढली.

"पण मी पदराने डोकं बांधून आतल्या खोलीत पडायची आणि दार लावून घ्यायची," सासूबाई उठत म्हणाल्या. "तू बैठकीत येऊन बसलीस. शिकलेल्या मुली तुम्ही, एवढंही कळू नये?"

सहाव्या दिवशी थोरलीने मास्तरांना फोन केला आणि डॉक्टरांनी तपासायला बोलावलंय असं घरी सांगितलं. दीर तिला गाडीतून दारात सोडून गेला. प्लास्टर रूममध्ये शिरल्याबरोबर ती टेबलावर आडवी झाली. मास्तर करवत घेऊन वळेपर्यंत तिला झोप लागली होती. त्यांनी दाराबाहेर 'काम चालू आहे' अशी पाटी लावली आणि तिला दोन तास झोपू दिलं. पहिल्या दिवसानंतर तिला मिळालेली ही पहिलीच सलग दुपारची झोप.

उठल्यावर मास्तरांनी करवतीने प्लास्टर उभं कापलं. हत्ती मधोमध दुभंगला. आतून तिचा पाय निघाला, पांढरा, सुरकुतलेला आणि ठणठणीत.

"बाई, आपलं चुकलंच," मास्तर म्हणाले. "हाताला घालायला हवं होतं. हात अडकला की कामं देता येत नाहीत. उजव्याला घालू?"

थोरलीने खरोखरच विचार केला. "नको," ती म्हणाली. "तोंड चालतंय ना, मग मुलांचे पाढे घे म्हणतील."

ती चालत घरात शिरली तेव्हा असा आनंद झाला, असा आनंद झाला की विचारू नका. नणंदेने तिला मिठी मारली. सहा दिवसांत हाड कसं जुळलं, असा प्रश्न कुणाला पडला नाही. "इस्पितळात ओळख असली की हाडंसुद्धा लवकर जुळतात," सासऱ्यांनी निकाल दिला. उद्याच सगळ्यांनी तळ्यावर सहलीला जायचं ठरलं. "तुझ्यामुळेच अडलं होतं गं सगळं," नवरा म्हणाला. अठरा माणसांचा डबा करायचा होता. धाकटी जाऊ बटाटे मोजायला लागलीसुद्धा. थोरलीच्या हातात पिशवी आली, किल्ली आली आणि पायांना आपोआप स्वयंपाकघराची वाट सापडली.

तेवढ्यात मागून भोकाड पसरल्याचा आवाज आला. शेपूट जमिनीवर बसून तिच्या उघड्या पायाकडे बघत रडत होता. "आई बरी झाली म्हणून रडतोय, वेडा कुठला," नणंद कौतुकाने म्हणाली.

थोरली त्याच्याजवळ वाकली. "काय झालं रे?"

"ते परत बांध."

"अरे, पाय बरा झाला माझा."

"बरा नको." त्याने नाक तिच्या बाहीला पुसलं. "बरा झाला की तू नसतेस. नुसता आतून आवाज येतो. ते होतं तेव्हा तू सापडायचीस."

थोरलीला हे लागलं. फार लागलं. सहा दिवस ती या खाटेवर स्वतःच्या नशिबाला बोटं मोडत होती, आणि तिच्या पायाशी बसलेला हा मुलगा तेव्हा सुट्टी साजरी करत होता. त्याला तळं नको होतं, सहल नको होती. एका जागी बसलेली आई हवी होती, आणि त्यासाठी तिचा पाय मोडलेला राहिला तरी त्याची हरकत नव्हती. एवढा स्वार्थी माणूस या घरात दुसरा नाही, असं तिला वाटलं आणि तिने त्याला उचललं.

पिशवी आणि किल्ली तिने टेबलावर ठेवली. खाट अजून खिडकीशीच होती. ती जाऊन बसली. शेपूट मांडीवर चढला, अजून हुंदके देत.

आतून हाक आली. मग दुसरी आली. मग नवरा दारात आला.

"अगं, बटाटे उकडायचेत म्हणतायत. पाय दुखतोय का परत?"

"नाही."

"मग? चक्कर येतेय?"

"काही होत नाही मला. मी बसलेय."

नवऱ्याने तिच्या डाव्या पायाकडे पाहिलं, मग उजव्या पायाकडे पाहिलं. मोडलेल्या बायकोशी कसं वागायचं हे त्याला गेल्या सहा दिवसांत थोडंफार जमलं होतं. धडधाकट बायको नुसती बसली तर काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. "बरं," असं काहीतरी पुटपुटत तो परत आत गेला. आत कुजबूज झाली, भांडं पडलं, "मलाच येतं, सरका," असा सासूबाईंचा आवाज आला.

शेपूट तिच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होता. थोड्या वेळाने कुकरची शिट्टी झाली, मग आणखी एक झाली, आणि कितवी झाली हे थोरलीने मोजलं नाही.